दोन अंशांचा कल

15 जून 1944. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचं सैन्य उतरून नऊ दिवस झाले होते. लढाई किनारा सोडून आत सरकली होती, आणि तेवढ्यानेच ‘टेक्सास’ या अमेरिकी युद्धनौकेची पंचाईत झाली होती. तिच्या 14 इंची तोफा 15 अंशांपेक्षा वर उचलल्या जात नसत. ज्या काळात त्या बसवल्या, त्या काळात एवढा पल्ला पुरे वाटला होता. आता पायदळ जिथे गोळे मागत होतं ती जागा पल्ल्याबाहेर गेली होती, आणि बोट काही जमिनीवर चढू शकत नाही.

मग बोटीवरच्यांनी उजव्या कुशीतल्या पोकळ कप्प्यांत मुद्दाम समुद्राचं पाणी घेतलं. सत्तावीस हजार टनांची बोट उजवीकडे दोन अंश कलली, डावीकडे वळवलेल्या तोफांची तोंडं तेवढीच वर झाली, आणि गोळे हवे तिथे जाऊन पडले.

ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला ही गोष्ट कधी ना कधी ऐकावीच लागते. गावाहून पाहुणे आले की नासा, मीनाक्षी मंदिर आणि मग ‘टेक्सास’ असा एक ठरलेला दौरा असायचा. गोष्ट ऐकून पाहुणे ‘अरे वा, जुगाड!’ म्हणून हसायचे. मी रिफायनरीत गंजाशी भांडण्यात नोकरी घालवलेली बाई. माझं लक्ष तोफांकडे कमी आणि त्या कप्प्यांकडे जास्त जायचं. पोलादाच्या पोकळ जागेत खारं पाणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

त्या कप्प्यांना ब्लिस्टर म्हणतात. बोटीच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली लांबवर जोडलेली ती पोलादी फुगवटी. कल्पना अशी, की टॉर्पेडो आला तर तो या फुगवटीवर फुटावा आणि आतलं खरं कवच वाचावं. ‘टेक्सास’ बांधली तेव्हा तिला ती नव्हती. ती नौदलात दाखल झाली 12 मार्च 1914 रोजी, म्हणजे पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्याही आधी. तेव्हा ती कोळशावर चालायची. 1925-26 मध्ये नॉरफोकच्या गोदीत तिचा कायापालट झाला. कोळशाचे बॉयलर गेले, तेलाचे आले; टोपलीसारख्या विणीच्या डोलकाठ्या गेल्या, तीन पायांच्या आल्या; आणि दोन्ही कुशींना ब्लिस्टर लागले. त्या ब्लिस्टरवर टॉर्पेडो कधीच आदळला नाही. ज्यासाठी त्यांना बनवलं ते काम त्यांना मिळालं नाही आणि भलतीच कामं मात्र करावी लागली.

एक गोष्ट कायापालटातही बदलली नाही, ती म्हणजे इंजिनं. जगातली मोठी आरमारं टर्बाइनकडे वळली होती, तेव्हा अमेरिकेच्या नौदलाला टर्बाइनचं तेल-कोळशाचं खाणं परवडेना. म्हणून ‘टेक्सास’ला जुन्या पद्धतीची, वर-खाली होणाऱ्या दट्ट्यांची दोन वाफेची इंजिनं दिली. ती आजही तिच्या पोटात आहेत. लोखंडी जाळीवर उभं राहून खाली पाहिलं तर प्रचंड सिलिंडर, माणसाच्या कमरेएवढे दांडे आणि कोपऱ्याकोपऱ्यात तेल घालायच्या पितळी वाट्या दिसतात. इंजिन चालू असताना फिरत्या दांड्यांच्या मधून हात घालून बेअरिंग तापलंय का हे चाचपणारे लोक असायचे. या इंजिनांवर बोटीचा वेग जेमतेम 21 नॉट. 1941 साली नव्या अमेरिकी युद्धनौका 27 नॉटच्या पुढे धावत होत्या.

मग असली बोट 1944 मध्ये लढाईवर होतीच कशी? एक कारण 1922 चा वॉशिंग्टनचा तह. बड्या देशांनी आपसांत ठरवून मोठ्या युद्धनौका बांधणं थांबवलं, आणि ही बंदी पुढे वाढत 1936 पर्यंत गेली. त्यामुळे जुन्या बोटी मोडीत निघायच्या वयात तशाच ठेवल्या, डागडुजी करत वापरल्या. दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं, पण ते बोटीवरच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. नव्या, वेगवान युद्धनौका विमानवाहू जहाजांच्या बरोबरीने पॅसिफिकमध्ये धावत होत्या. त्यांना सुरुंग पेरलेल्या, किनारी तोफांच्या टप्प्यातल्या उथळ पाण्यात कोण आणून उभं करील? नॉर्मंडीला अमेरिकेने तीन युद्धनौका पाठवल्या: ‘आर्कान्सॉ’ 1912 ची, ‘टेक्सास’ 1914 ची आणि ‘नेवाडा’ 1916 ची. तिघीही बुजुर्ग. ‘नेवाडा’ तर पर्ल हार्बरला मार खाऊन चिखलात रुतलेली, तिथून उपसून, दुरुस्त करून आणलेली. निवड करणाऱ्यांच्या मनात काय होतं हे उघड आहे. गेल्या तर हळहळ वाटेल, पण युद्ध अडणार नाही.

मला यात क्रूरपणा दिसत नाही. हिशोब दिसतो. पण नंतर ज्या शौर्यगाथा लिहिल्या गेल्या त्यांत हा हिशोब हळूच गाळला गेला, एवढं मात्र खटकतं.

पहिल्या महायुद्धात तिने फारसं काही केलं नाही. 1917 च्या सप्टेंबरात, युरोपला निघायच्या तयारीत असताना, ती ब्लॉक आयलंडच्या किनाऱ्यावर रेतीत जाऊन बसली आणि दुरुस्तीत महिने गेले. 1918 मध्ये उत्तर समुद्रात ब्रिटिश आरमारात सामील झाली, गस्त घातली आणि नोव्हेंबरात जर्मन आरमार शरण येताना रांगेत उभी राहून पाहिलं. त्यानंतर 1919 मध्ये तिच्या तोफांच्या टरेटवर, म्हणजे तोफांच्या फिरत्या पोलादी घरावर, फळ्यांची धावपट्टी टाकून एक विमान उडवलं. अमेरिकेच्या ‘बॅटलशिप’ वर्गातल्या युद्धनौकेवरून उडालेलं ते पहिलं विमान. पुढे ज्या विमानांनी युद्धनौकांचं राज्य संपवलं, त्यांची एक सुरुवातीची भरारी हिच्याच पाठीवरून.

दुसऱ्या महायुद्धात तिच्या नावावर एक न झालेली लढाईही आहे. जून 1941 मध्ये, अमेरिका अजून युद्धात नसताना, उत्तर अटलांटिकमध्ये जर्मनीच्या यू-203 या पाणबुडीने तिचा पाठलाग केला. पाणबुडीला नेम धरता येईल अशी जागा मिळाली नाही. ‘टेक्सास’वरच्या कुणालाही पत्ता नव्हता. ही बातमी कळल्यावर हिटलरने अमेरिकी बोटींवर हल्ले करू नका म्हणून बजावलं. त्या दिवशी नेम लागला असता तर आज हा लेख कुणी तरी वेगळ्याच कारणाने लिहीत असतं.

नोव्हेंबर 1942 मध्ये ती मोरोक्कोच्या किनाऱ्यावर गेली. तिथे तिच्यापेक्षा तिच्यावरचा एक तरुण वार्ताहर जास्त गाजला. वॉल्टर क्रॉन्काइट, वय 26. परतताना दुसऱ्या बोटीवरचा वार्ताहर आधी घरी पोचून बातमी देणार या धास्तीने त्याने बोटीवरच्या छोट्या विमानात जागा मिळवली आणि नॉरफोकला आधी उतरला. पुढे टीव्हीवरचा वृत्तनिवेदक म्हणून अमेरिकेच्या घराघरांत त्याचा आवाज पोचला, त्याची सुरुवात अशी एका म्हाताऱ्या बोटीच्या पाठीवरून झाली.

आता 6 जून. पहाटे पाच वाजून पन्नास मिनिटांनी ‘टेक्सास’ने प्वांत दु ऑक या कड्यावर तोफा डागायला सुरुवात केली. समुद्रातून सरळ वर चढणारा तो कडा, आणि माथ्यावर जर्मनांच्या सहा मोठ्या तोफा असल्याची खबर. 34 मिनिटांत 255 गोळे. एकेक गोळा साधारण सहाशे किलोंचा. म्हणजे मिनिटाला सात-साडेसात गोळे, अर्धा तास न थांबता. एका टरेटमध्ये किती माणसं राबत असतील याचा विचार केला की मला ते आकडे पेलत नाहीत. खालच्या कोठारातून गोळा ओढायचा, पाळण्यात घालायचा, वर चढवायचा, दारूच्या रेशमी पिशव्या मागून सारायच्या, तोफेचं दार बंद. पुन्हा. बंद पोलादी खोलीत, दारूच्या वासात, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात.

आणि कड्यावर तोफा नव्हत्याच. जर्मनांनी त्या आधीच हलवून आत एका बागेतल्या वाटेवर लपवल्या होत्या. दोर टाकून कडा चढून गेलेल्या अमेरिकेच्या रेंजर तुकडीच्या सैनिकांना वर सापडले ते तोफांच्या जागी रोवलेले लाकडी ओंडके. शोधत शोधत त्यांनी खऱ्या तोफा गाठल्या आणि हातगोळ्यांनी निकामी केल्या.

मग 255 गोळे फुकट गेले का? बोटीचे चाहते या प्रश्नावर चिडतात. कड्याची कडा कोसळून खाली ढिगारा झाला होता आणि चढणाऱ्यांना त्यावरून थोडी उंची फुकट मिळाली. वरचे बंकर फुटले, तारायंत्रं तुटली, जर्मन सैनिक सुन्न झाले. हे सगळं खरं. पण ज्या लक्ष्यासाठी गोळे डागले ते लक्ष्य तिथे नव्हतं, हेही तेवढंच खरं. युद्धात बरंचसं काम असं होतं, बरोबर जागी नाही पण अगदी वायाही नाही. मला यात बोटीचा अपमान वाटत नाही. खबर देणाऱ्यांचा दोष तोफेच्या माथी कशाला मारायचा?

त्याच दुपारी तिने जे केलं ते मला त्या 34 मिनिटांपेक्षा मोठं वाटतं. ‘ओमाहा’ असं सांकेतिक नाव दिलेल्या किनाऱ्यावर पायदळ अडकून पडलं होतं. भरतीची रेषा वर सरकत होती आणि वाळूत माणसं मरत होती. व्हिएरव्हील गावाकडे जाणारी एक अरुंद घळ होती, तीच वर जायची वाट, आणि ती जर्मनांनी भिंती घालून, बंदुका रोखून बंद केली होती. ‘टेक्सास’ किनाऱ्याकडे सरकली, सरकली, पार तीन किलोमीटरच्याही आत आली. एवढी मोठी युद्धनौका एवढ्या जवळ येऊन उभी राहते म्हणजे किनाऱ्यावरून तिच्यावर नेम धरायला फार शहाणपण लागत नाही. तिने तोफा जवळजवळ आडव्या धरून त्या घळीत गोळे घातले. वीस किलोमीटरवर मारा करण्यासाठी बनवलेली तोफ कुणी पिस्तुलासारखी वापरावी तसा प्रकार.

कड्यावरच्या रेंजरांचं अन्न-दारूगोळा संपत आला होता. दुसऱ्या दिवशी ‘टेक्सास’ने सैनिक किनाऱ्यावर उतरवायच्या दोन होड्या भरून रसद पाठवली. परत येताना त्या होड्यांत 35 जखमी रेंजर होते. बोटीवरच्या दवाखान्यात त्यांच्यावर उपचार झाले. एक जण शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला. त्यांच्याबरोबर कैदीही आले: वीस जर्मन, चार इटालियन आणि तीन फ्रेंच. त्या तीन फ्रेंच माणसांचं काय झालं असेल, आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर अमेरिकी बोटीत कैदी म्हणून चढताना त्यांना काय वाटलं असेल, हे मला तोफांपेक्षा जास्त छळतं.

जून संपता संपता ती शेरबुर्गला गेली. बंदर दोस्तांना हवंच होतं आणि बंदराच्या पूर्वेला जर्मनांचा ‘हॅम्बुर्ग’ नावाचा तोफखाना होता, 24 सेंटिमीटरच्या चार तोफा, काँक्रीटच्या जाड घरांत. 25 जूनच्या दुपारी ‘टेक्सास’ आणि ‘आर्कान्सॉ’ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. ओमाहाला बोट मारत होती आणि किनारा सोसत होता. इथे दोन्हीकडून मार होता. सव्वा वाजता एक गोळा तिच्या चिलखती मनोऱ्याच्या माथ्यावरून घसरत गेला आणि सुकाणूच्या खोलीखालच्या खांबावर फुटला. खोलीची जमीन चार फूट वर उचलली गेली. सुकाणू धरून उभा असलेला ख्रिस्तेन ख्रिस्तेनसेन मारला गेला. कप्तान बेकर जवळच होते, त्यांना ओरखडाही नाही. बोट थांबली नाही. चिलखती मनोऱ्यातून तिचा कारभार पुढे चालू राहिला, आणि तिने तिथल्या एका तोफेचं काँक्रीट भेदून ती बंद पाडली. तीन तासांत 206 गोळे टाकून ती वळली.

दोन महायुद्धांत मिळून शत्रूच्या माऱ्याने या बोटीवर मेलेला माणूस एकच, ख्रिस्तेनसेन.

दुसरा एक गोळा बोटीच्या पुढच्या टोकातून आत घुसून एका अधिकाऱ्याच्या खोलीत जाऊन पडला होता. फुटला नाही. दुरुस्तीसाठी बोट प्लिमथला गेली, तिथे तो निकामी केला आणि नौसैनिकांनी शुभशकुन म्हणून बोटीवरच ठेवून घेतला. इतका वजनदार शकुन मी दुसरा पाहिला नाही.

पुढचं भराभर सांगते. ऑगस्टमध्ये दक्षिण फ्रान्स. मग पनामामार्गे पॅसिफिक. फेब्रुवारी 1945 मध्ये इवो जिमा, मार्चअखेरपासून ओकिनावा. तिथे जपानी आत्मघातकी वैमानिकांच्या धास्तीने माणसं आठवड्यामागून आठवडे तोफांपाशीच जेवली आणि तिथेच झोपली. युद्ध संपल्यावर पर्ल हार्बरहून सैनिकांना घरी नेण्याच्या खेपा. दोन्ही महासागरांत एवढं सगळं, आणि मोठ्या तोफांच्या जागा अजून 1914 च्याच.

मग मोडीत काढायची वेळ आली. ‘आर्कान्सॉ’, ‘टेक्सास’ची जुळी बहीण ‘न्यूयॉर्क’ आणि ‘नेवाडा’ या तिघींना 1946 मध्ये बिकिनी बेटांजवळ अणुबाँबच्या चाचणीत लक्ष्य म्हणून उभं केलं. ‘आर्कान्सॉ’ तिथेच बुडाली. उरलेल्या दोघी किरणोत्सर्गाने माखलेल्या, म्हणून दोन वर्षांनी तोफा-टॉर्पेडोंनी बुडवल्या. ‘टेक्सास’ वाचली ती तिच्या नावामुळे. टेक्सास राज्याने बाल्टिमोरहून ओढून आणायचे सव्वादोन लाख डॉलर उभे केले आणि 21 एप्रिल 1948 रोजी सान हासिंतोच्या रणभूमीशेजारी, ह्यूस्टनच्या जहाजमार्गाच्या काठी तिला बांधलं. त्या पिढीतल्या ड्रेडनॉट, म्हणजे एकसारख्या मोठ्या तोफांच्या, बोटींपैकी जगात आज ही एकच उरली आहे.

इथे माझे सासरे आठवतात. ते मुंबईच्या गोदीत फिटर होते. आमच्याकडे आले तेव्हा त्यांना ही बोट दाखवायला नेलं. तोफा, पूल, कप्तानाची खोली यांतलं काहीही बघायला ते थांबले नाहीत. खालच्या मजल्यावर एका आडव्या भिंतीवरचे रिव्हेट बोटाने चाचपत पुढे गेले, एका ठिकाणी थांबले, आणि मला म्हणाले, “अगं, हे दिवसाला किती पाणी उपसतात?”

मी विचारायला गेले तर तिथल्या स्वयंसेवकाने हसून विषय बदलला.

“म्हणजे बरंच उपसतात,” अण्णा म्हणाले. “तरी ठेवलीय. आपण विक्रांत ठेवली नाही.”

‘विक्रांत’ही लढाईला गेली होती तीच मुळी आजारी अवस्थेत. 1971 मध्ये तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला, वेग कमी केलेला, तरी बंगालच्या उपसागरात नेली आणि तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाझारवर मारा केला. 1997 मध्ये ती निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून राहिली, आणि 2014 मध्ये भंगारात विकली गेली. दारूखान्याच्या गोदीत तिचे तुकडे पडताना अण्णा एकदा बघून आले होते, पुन्हा गेले नाहीत. तिच्या पोलादाचा थोडा भाग बजाजच्या मोटरसायकलीत गेला. मुंबईने विक्रांत राखायला हवी होती असं म्हणणं सोपं आहे. पण ‘टेक्सास’ राखायला काय लागलं ते मी जवळून पाहिलंय, आणि त्यामुळे विक्रांतबद्दल मला पूर्वीइतकं ठामपणे बोलता येत नाही.

1948 ते 1988, चाळीस वर्षं ही बोट त्या मचूळ पाण्यात एकदाही सुक्या गोदीत न जाता उभी होती. चाळीस! चालत्या जहाजाला दर काही वर्षांनी गोदीत चढवून तळ खरवडावा, रंगवावा लागतो. इकडे लाकडी डेक कुजला म्हणून त्यावर काँक्रीट ओतलं, काँक्रीटला तडे गेले, पावसाचं पाणी त्यातून खाली. पुढे एकदा गोदीत नेऊन दुरुस्ती केली, मग पुन्हा तीस-पस्तीस वर्षं तीच गत. सर्वांत आधी गेले ते ब्लिस्टर. पातळ पत्रा, बाहेर पाणी, आत पाणी, दोन्हीकडून गंज. जून 2017 मध्ये पाण्याखाली वीतभर भोक पडलं आणि काही तासांत बोट सहा अंश कलली. मिनिटाला दोन हजार गॅलन पाणी उपसावं लागलं, म्हणजे आपल्याकडचा उन्हाळ्यातला पाऊण टँकर दर मिनिटाला. शत्रूवर नेम धरायला 1944 मध्ये तिला दोन अंश मुद्दाम कलवली होती. शांततेत ती आपणहून सहा अंश कलली.

31 ऑगस्ट 2022 ला तिला गॅल्व्हेस्टनच्या गोदीकडे ओढून नेलं. वाटेत बुडू नये म्हणून ब्लिस्टरच्या पोकळीत आधीच फोम भरून ठेवला होता. काठावर माणसं गर्दी करून उभी होती, त्यांच्यात मीही. टगबोटींच्या मधून ती इतक्या सावकाश गेली की मध्येच लोक कंटाळून गाड्यांकडे वळले. गोदीत गेल्यावर जुने ब्लिस्टर कापून काढले आणि नवे बसवले, शेकडो टन नवं पोलाद लागलं. नवं काम वेल्डिंगचं. मूळ बोटीसारखे रिव्हेटच हवे होते म्हणणारे लोक इथे आहेत आणि त्यांचे मुद्देही मला कळतात, पण पंपाचा खर्च भरायची वेळ आली की ते दिसत नाहीत. मी वेल्डिंगच्या बाजूची. अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी ते काम कसं झालं हे विचारलं नाही. पत्रा किती मिलिमीटरचा लावला आणि आतून रंग कुठला दिला, एवढंच विचारलं, आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधून कळव म्हणाले.